‘काल’ आला की ‘हॅव’ जातं

मराठी माध्यम की इंग्रजी हा वाद घरच्या ग्रुपवर पेटला, की कुणीतरी ठणकावतंच : “‘आय हॅव ईटन’सारखा प्रेझेंट परफेक्ट काळ शिकवायचा कशाला? अमेरिकेत कुणी वापरत नाही.” हे साफ चूक आहे. ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘येट’ असेल तर अमेरिकेत साधा भूतकाळ चालतो, ‘डिड यू ईट येट?’ म्हणतात. पण ‘आय हॅव नोन हर फॉर इयर्स’मधलं ‘हॅव’ तिथेही काढता येत नाही. काढून ‘आय न्यू हर’ म्हटलं तर ओळख आता उरली नाही, असा अर्थ होतो.

गोंधळ आपल्याच वर्गात होतो. ‘-ला आहे’ दिसलं की हॅव अधिक तिसरं रूप, असं पोरांकडून घोकून घेतात. ‘मी काल पैसे भरले आहेत’ हे उत्तम मराठी. ‘आय हॅव पेड यस्टरडे’ हे चुकीचं इंग्रजी. यस्टरडे, लास्ट वीक, इन २०१९, टू इयर्स अगो, अशी संपलेली वेळ सांगितली की साधा भूतकाळच. ‘व्हेन’ने विचारायचं तर ‘डिड’. केव्हा भरले ते सांगायचं नाही, आता बाकी नाही एवढंच सांगायचं, तेव्हा ‘आय हॅव पेड’.

उलटीकडून तर जास्तच फसगत. ‘मी दहा वर्षांपासून इथे राहतो’ यात ‘आहे’ नाहीच, म्हणून ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ तयार होतं. हवं ‘आय हॅव लिव्ड हिअर फॉर टेन इयर्स’. आपलं ‘पासून’ दोन्हीकडे चालतं; इंग्रजीत मोजलेल्या काळाला ‘फॉर’, सुरुवातीच्या क्षणाला ‘सिन्स’. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर काउंटरवर ‘हाउ लाँग आर यू हिअर फॉर?’ म्हणजे किती दिवस राहणार. येऊन किती दिवस झाले, हे विचारायला ‘हॅव यू बीन’ लागतं. आपली माणसं इथेच भलतं उत्तर देतात, आणि ग्रुपवर म्हणे हा काळ निरुपयोगी!

लंडनला १०, किंग हेन्रीज रोड या घरावर बाबासाहेबांची निळी पाटी आहे : ‘लिव्ड हिअर १९२१-२२’. तिथे ‘हॅज लिव्ड’ बसत नाही. वर्षं दिलेली आहेत, आणि माणूसही गेलेला.

साताऱ्याबद्दल मलाही ‘आय लिव्ड देअर’च म्हणावं लागतं. नियम बरोबर आहे, तरी जीभ अडते. मराठीत मी अजून सातारचाच आहे.