अंगण कधीच वाकडं नसतं

नोकरीत जीव रमत नाही, धंद्याला भांडवल नाही, आणि लोकांना सल्ला द्यायची हौस मात्र दांडगी आहे? मग लाइफ कोच व्हा. पात्रतेची काळजी सोडा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर वर्षानुवर्षं शिकावं लागतं, वर भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी करावी लागते. लाइफ कोचला रिंग लाइट लागतो. पाठीमागे मनी प्लांट असेल तर उत्तम.

पहिला वेबिनार 99 रुपयांत ठेवा. फुकट मिळालेल्या सल्ल्याची किंमत राहत नाही, आणि शंभर म्हटलं की माणूस विचार करू लागतो. पानावर उलटं धावणारं घड्याळ हवं, त्याखाली 'शेवटच्या 7 जागा'. पान रिफ्रेश केलं की घड्याळ पुन्हा पंधरा मिनिटांवर येतं, पण जो रिफ्रेश करून बघतो तो आपलं गिऱ्हाईक नव्हेच. रविवारी सकाळी अकराला सुरुवात करा. 'आवाज येतोय का? येत असेल तर चॅटमध्ये येस लिहा.' लोक येस लिहितात. 'आयुष्य बदलायचंय का?' येस. 'आजच बदलायचंय का?' येस येस येस. अर्ध्या तासात बोटांना येसची सवय लागते, आणि 24,999 चा कोर्स 'फक्त आजच्यासाठी' 4,999 ला दाखवता तेव्हा ती कामी येते.

मधूनमधून विज्ञान पेरा. कुठलीही सवय 21 दिवसांत लागते, हे छातीठोकपणे सांगा. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने 1960 मध्ये लिहिलं होतं की पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला साधारण 21 दिवस तरी जातात. तुमच्या गिऱ्हाइकाला नवं नाक नको असतं, पहाटे पाचला उठायचं असतं, पण एवढं खोलात कोण जातो? पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी खरोखर मोजून पाहिलं, तर सरासरी 66 दिवस निघाले. कुणाचे 18, कुणाचे 254. आता 254 दिवसांच्या चॅलेंजचं पोस्टर लावून बघा, किती जण येतात ते.

आकडा दशांशात असेल तर आणखी वजन पडतं. बार्बरा फ्रेडरिक्सन आणि मार्सियल लोसाडा या संशोधकांनी 2005 मध्ये मांडलं की आयुष्य फुलायचं तर एका नकारात्मक भावनेला किमान 2.9013 सकारात्मक भावना हव्यात. सराफाचा काटासुद्धा इतकं बारीक बोलत नाही. 2013 मध्ये निक ब्राउन या अर्धवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्याने दोन प्राध्यापकांना सोबत घेऊन त्यातलं गणित निव्वळ फोल असल्याचं दाखवलं, आणि ते मागे घेतलं गेलं. तुम्ही स्लाइड मागे घेऊ नका. छान डिझाइन केलेली असते.

सकारात्मक मानसशास्त्राचा उल्लेख आला की मार्टिन सेलिगमन यांचं नाव घ्या. 1998 मध्ये ते अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष होते, तिथून या शाखेला बळ मिळालं, एवढं पुरे. त्यांच्या 1967 च्या प्रयोगाकडे मात्र फिरकू नका. त्यात कुत्र्यांना विजेचे झटके दिले होते. काही कुत्र्यांना डोक्याने पाटी दाबून झटका बंद करता येत होता, काहींना काही केल्या बंद करता येत नव्हता. मग दोन्ही गटांना अशा पेटीत ठेवलं, जिथे मधल्या अडसरावरून उडी मारली की सुटका होती. पाटीवाली कुत्री पटापट उड्या मारून सुटली. दुसऱ्या गटातली बरीचशी झटके सोसत तिथेच पडून राहिली. एखादा अडाणी माणूस यावरून म्हणेल, कुत्र्याला दोष का देता, आधी त्याच्या हाताशी पाटी द्या. तुम्ही असलं काही बोलायचं नाही. तुम्ही त्या कुत्र्याजवळ उकिडवं बसून म्हणायचं, 'झटक्याकडे संधी म्हणून बघ.'

हे एकदा जमलं की सगळं जमलं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण म्हणजे तुमचं भांडवल. अंगण बघायला कधी जायचंच नाही. प्रश्नोत्तरांत नाशिकच्या कुणी ताई विचारतील, 'सर, सासूबाई दीड वर्ष अंथरुणाला खिळून आहेत, रात्रीतून चारदा उठावं लागतं, मिस्टर म्हणतात बाई ठेवणं परवडत नाही. मला हल्ली फार राग येतो.' त्यांना बाई, नणंद किंवा मिस्टर, यांतलं काहीही सुचवू नका. त्यांना डायरी सुचवा. रोज रात्री कृतज्ञतेच्या तीन गोष्टी लिहायच्या. चारदा उठतातच, तर वेळही मिळेल.

कंपन्यांचं काम तर सोन्याहून पिवळं. हिंजवडीत इन्क्रिमेंट थांबलं की एचआर वेलनेस सेशन ठेवतं, कारण पगारवाढीपेक्षा तुम्ही पुष्कळ स्वस्त पडता. तासभर ट्रॅफिकमध्ये अडकून आलेल्यांना सांगा की ताण ही मनाची निर्मिती आहे. समोसा आणि ग्रुप फोटो झाला की निघा.

काही जणांना फरक पडणार नाही. जोआन वुड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2009 मध्ये दाखवलं आहे की ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच वाईट असतं, त्यांना 'मी प्रेमास पात्र आहे' असं घोकल्यावर उलट आणखी वाईट वाटतं. धंद्याच्या दृष्टीने ही आनंदाची बातमी आहे. ज्याला आणखी वाईट वाटतं, तोच ॲडव्हान्स्ड बॅचला येतो. त्याला सांगा, 'तुम्ही शंभर टक्के दिले नाहीत.' त्याचेही पैसे संपत आले की कोच होण्याचा कोर्स विका, म्हणजे तो आपल्या मेव्हण्याला 99 रुपयांत बोलवील.

शेवटी एक खबरदारी. ग्रुपवर एखादा रात्री दोन वाजता लिहितो की आता जगावंसं वाटत नाही. सरकारची टेली मानस ही सेवा आहे, 14416 ला चोवीस तास फोन करता येतो, पैसे पडत नाहीत, आणि पलीकडचा माणूस शिकलेला असतो. पण हा नंबर तुम्ही द्यायचा नाही, बॅचमधला एक जण कमी होतो. दुसऱ्या कुणी टाकलाच तर मेसेज उडवा, टाकणाऱ्याला ग्रुपमधून काढा, आणि कारण लिहा : निगेटिव्हिटी.