पाच इंच आवळलेला किल्ट: आपल्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

आपण मराठीत सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही मराठीतच देतो. आपल्या तक्रारी अशा: नुसती बक्कलं सरकवायची तर आम्ही अख्खा किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा चुण्यांचा, कंबरेला गुंडाळायचा पोशाख) उसवला, पाच आठवडे लावले, पैसेही बक्कलांच्या कामापेक्षा जास्त घेतले, मागे इस्त्रीच्या जुन्या रेघा राहिल्या, आणि एवढं करून पट्टे मधल्याच भोकात बसतात, टोकं लोंबतात. दादरचा शिंपी हे एका संध्याकाळी करून देतो, असंही आपण म्हटलं आहे.

दादरचा शिंपी पँट नक्की करून देईल. पँटीला मागे मध्यावर शिवण असते, तिच्यात मार्जिन असतं. किल्टला ती शिवणच नसते. मागचा सगळा भाग प्लीट्सचा, म्हणजे चुण्यांचा, पुढे एकावर एक असे दोन सपाट एप्रन. आपल्या किल्टला 27 प्लीट्स आहेत आणि कमी करायचं ते सगळ्यांतून सारखं कमी करावं लागतं.

बक्कलं आम्हीही सरकवतो. फरक दोन इंचांपर्यंत असेल तर तेच सांगतो. ते काम एका दिवसाचं. आपण रिव्ह्यूत दिलेली मापं मात्र कंबर 40 वरून 35 आणि सीट, म्हणजे नितंबांचा घेर, 43 वरून 40 अशी आहेत. कंबरेत पाच इंच बक्कलांनी आवळले असते तर वरच्या एप्रनची उजवी, दशांची कड पहिल्या प्लीटच्या रेषेवर थांबायची ती पाच इंच मागे गेली असती आणि सहासात प्लीट्स तिच्याखाली गडप झाल्या असत्या. एप्रनची मधली रेघ बेंबीसमोर धरली, तर मागे प्लीट्सचा मध्य अडीच इंच बाजूला. मागचा मध्य धरला, तर पुढची रेघ तिरपी पडल्यासारखी दिसते. त्यात आपलं टार्टन, म्हणजे चौकड्यांची नक्षी, रॉयल स्ट्युअर्ट. लाल रंगावर पिवळ्या आणि पांढऱ्या बारीक रेघा, त्यामुळे इकडचं तिकडे झालेलं रस्त्यापलीकडूनही कळतं.

काही ठिकाणी अस्तराच्या बाजूने दोन्ही कुशींना मशिनची शिवण मारून कंबर बारीक करतात. आरशासमोर उभं राहिलं की बरं दिसतं. चाललं की त्या शिवणीखालच्या प्लीट्स फाकतात आणि सीटवर पिशवीसारखा फुगा येतो, कारण आवळलेलं कापड दोनच जागी गोळा झालेलं असतं.

आम्ही केलं ते असं. आधी किल्ट ड्रायक्लीन केला, कारण मळ तसाच ठेवून वाफेची इस्त्री फिरवली तर जुन्या घडीची रेघ कायमची बसते. मग पट्टे, बक्कलं, अस्तर, कंबरपट्टी आणि कॅनव्हास (आतलं ताठ कापड) काढून प्लीट्सची कंबरेपासून सीटपर्यंतची शिवण उसवली. पाच इंचांतले अडीच एप्रनमध्ये घेतले, दोन्ही कडांना सव्वा-सव्वा, म्हणजे मधली रेघ मध्यावरच राहते. उजव्या कडेची दशांची पट्टी त्यासाठी काढून पुन्हा लावावी लागली, आणि आतला एप्रनही तेवढाच कमी केला. उरलेले अडीच इंच 27 प्लीट्समध्ये वाटले: कंबरेला प्रत्येकी जेमतेम 2.4 मिलिमीटर, सीटला दीड इंच असल्यामुळे 1.4 मिलिमीटर. हा फरक मशिनवर धरता येत नाही. प्रत्येक प्लीटला अर्धा मिलिमीटर चुकला तर सत्ताविसाव्यापर्यंत अर्ध्या इंचाहून जास्त होतो. शिवाय आपल्या प्लीट्स टार्टनची पूर्ण नक्षी मागेही उमटावी अशा घातल्या आहेत, म्हणजे प्रत्येक प्लीटला नक्षीचा पुढचा तुकडा यायला हवा आणि आडव्या रेघा शेजारच्या प्लीटशी जुळायला हव्यात. (लष्करी पद्धतीत प्रत्येक प्लीटवर एकच उभी रेघ मध्यावर येते, ते काम पुष्कळ सोपं.)

सीटपर्यंतची ही शिवण प्रत्येक प्लीटला साधारण आठ इंच. सत्तावीस गुणिले आठ म्हणजे 216 इंच, अठरा फूट, सगळी वरून हाताने, इंचाला दहाच्या आसपास टाके. त्यानंतर कॅनव्हास, अस्तर, पट्टे, आणि खालपर्यंत कच्चे टाके घालून इस्त्री. मे ते सप्टेंबर हायलँड गेम्स (स्कॉटलंडचे पारंपरिक खेळांचे मेळावे) आणि लग्नं एकदमच येतात. त्या दिवसांत पाच आठवडे लागतात आणि पावतीवर तसं लिहिलेलं असतं.

रेघांबद्दल: त्या आहेत. वर्षानुवर्षं जिथे घडी होती तिथे लोकरीची धार घासली गेलेली असते, आणि नवी घडी तिच्यापासून मिलिमीटरभरच सरकली आहे. ओल्या सुती कापडावरून दाबलेल्या वाफेने त्या बऱ्याच पुसट होतात, रंग उडाला असेल तिथे थोड्या राहतात. किल्ट सैल करताना हे जास्त दिसतं, कारण आत दडलेलं ताजं कापड बाहेर येतं.

पट्टे मधल्या भोकात मुद्दाम बसवले आहेत. वजन दोन्हीकडे हलतं. शेवटच्या भोकात बसवले असते तर अजून इंचभर कमी झाल्यावर आपण पुन्हा इथेच आला असता. टोकं लोंबतात ती बक्कलाशेजारच्या चामडी वेढ्यातून ओवा. कापू नका आणि नवी भोकंही पाडू नका, जुनं चामडं तिथूनच फाटतं. आतलं कापडही आम्ही कापलेलं नाही. पुन्हा सैल करायची वेळ आली तर ते हाताशी आहे. मूळ कारागिराने प्लीट्सच्या आत वरचं जाड कापड छाटलेलं असतं तर ही सोय राहिली नसती. आपल्या किल्टमध्ये ते शाबूत निघालं.

पैशाबाबत आमचं म्हणणं तेच आहे. अठरा फूट हातशिवणीचा दर बक्कलाच्या दराएवढा होऊ शकत नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: वजन स्थिरावल्याशिवाय एवढं मोठं काम करून घेऊ नका. माप बेंबीच्या पातळीवर, शर्टावरून घ्या. पँटीचं माप सांगितलंत तर ते खालच्या जागेचं असतं. किल्ट नेसून पाहा, दशांची कड पहिल्या प्लीटच्या रेषेपासून किती लांब जाते ते मोजा. दोन इंचांच्या आत असेल तर फक्त बक्कलं हलवायला सांगा, आणि तीनही सारखीच. एकच हलवलं तर वरचा एप्रन घट्ट आणि आतला सैल राहून चालताना खाली डोकावतो.

आपण किल्ट घेऊन आलात तर वाफेची आणखी एक इस्त्री आम्ही पैसे न घेता करून देऊ. मंगळवार किंवा बुधवार सकाळी या, दुपारी घेऊन जा. तोपर्यंत घरची इस्त्री थेट लोकरीवर फिरवू नका, चमक आली की ती जात नाही.