कुरडईचा चीक आणि कोळंबीचे डिमसम

गेल्या रविवारी दुपारी मी सासूबाईंना घेऊन फोर्टमधल्या एका जुन्या, जेमतेम बारा टेबलांच्या चिनी हॉटेलात डिमसम, म्हणजे चहासोबत खायचे छोटे छोटे चिनी पदार्थ, खायला गेले. त्यांचे वय ७६. चिनी जेवण म्हणजे नाक्यावरच्या गाडीवरचे लालभडक मंचुरियन, अशी त्यांची समजूत असल्यामुळे "मी आपला थोडा भात खाईन, तू खा काय ते" असे त्यांनी घरातून निघतानाच जाहीर करून टाकले होते.

पहिली बांबूची टोपली आली ती हार गावची, म्हणजे कोळंबीच्या डिमसमची. झाकण काढल्यावर वाफ विरली आणि आत चार पांढुरक्या, ओलसर चकाकणाऱ्या मुद्या दिसल्या, ज्यांच्या पारीतून कोळंबीचा गुलाबी रंग झिरपल्यासारखा दिसत होता. सासूबाईंनी काड्यांकडे पाहिलेही नाही. त्यांनी एक मुदी सरळ हाताने उचलली, तिच्या कळ्या मोजल्या (नऊ निघाल्या), पारीचा कडेचा तुकडा चिमटीत दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "ही तांदळाची उकड नाही गं. हा कुरडईचा चीक आहे."

त्यांचे निदान अचूक होते. हार गावची पारी मैद्याची नसून गव्हाच्या सत्त्वाची असते. गव्हातला चिवट भाग काढून टाकल्यावर जे उरते ते हे सत्त्व, आणि आपण उन्हाळ्यात गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून, वरचे पाणी ओतून टाकून जो चीक मिळवतो तो त्याचा सख्खा भाऊच म्हटला पाहिजे. त्यात टॅपिओकाचे पीठ मिसळतात, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याचेच. या पिठाला स्वतःचा चिवटपणा नसल्यामुळे ते गार पाण्यात मळताच येत नाही. त्यावर उकळते पाणी ओतून, ते अर्धवट शिजवून, गरम असतानाच तेलाचा हात लावून मळावे लागते. मोदकाची उकड ज्या कारणासाठी काढतात, तेच कारण इथेही आहे. फरक पुढे पडतो. आपण पारी बोटांनी दाबत वाटीसारखी करतो, तर दक्षिण चीनमधल्या कँटनकडचे आचारी तेल लावलेल्या रुंद सुऱ्याच्या सपाट बाजूने गोळा एका दाबात पातळ करतात.

म्हणूनच डिमसमला "महागडे मोमो" म्हणणाऱ्यांशी वाद घालायला मी नेहमी तयार असते. मोमो मला आवडतात, पण तो तिबेट-नेपाळकडचा, मळलेल्या मैद्याच्या जाड पारीचा पदार्थ आहे आणि झणझणीत चटणी त्याला शोभते. हार गावचे सगळे कसब पारीच्या नाजूकपणात आणि कोळंबीच्या करकरीतपणात असते. त्यावर शेजवान चटणी ओतणे म्हणजे उकडीच्या मोदकावर लसणीची चटणी वाढण्यासारखे आहे. तरीही मुंबईत ही वाटी न मागता टेबलावर येते आणि शेजारच्या टेबलावरून "एकदम फिकं आहे" ही तक्रारही हटकून ऐकू येते. मोदकाच्या पारीला तडा गेला तर सुगरणीला नावे ठेवणारे आपण लोक. आपल्याला ही चव कळत नाही, यावर माझा विश्वास नाही.

दुसरी चूक मात्र आमचीच झाली. मी उत्साहाने पाच टोपल्या एकदम मागवल्या, त्या सगळ्या एकदमच आल्या, आणि फोटो काढून गप्पा मारेपर्यंत शेवटच्या टोपलीतली पारी गार होऊन कागदाला अशी चिकटली की उचलताना फाटली आणि कोळंबी खाली राहिली. सासूबाईंनी लगेच शेरा मारला, "खाली हळदीचं पान घातलं असतं तर सुटलं असतं." पान असो वा नसो, दोन टोपल्या संपवाव्यात आणि मगच पुढच्या दोन मागवाव्यात. हे जेवण मुळात चहासोबत रेंगाळत खाण्याचे आहे. कँटनच्या चहाघरांत सकाळपासून दुपारपर्यंत चालणाऱ्या या प्रकाराला 'यम छा', म्हणजे चहा पिणे, असेच म्हणतात. कुणी पेल्यात चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर टकटक करून त्याचे आभार मानतात, आणि किटली रिकामी झाली की झाकण तिरके ठेवतात. आमच्या आसपास मात्र सगळीकडे थंड पेये होती.

खरे तर मुंबईला कँटनकडची माणसे नवी नाहीत. माझगावात डॉकयार्ड रोडजवळ १९१९ साली बांधलेले चिनी मंदिर आजही उभे आहे. १९६२च्या युद्धानंतर इथली बरीच चिनी कुटुंबे निघून गेली, आणि पुढे जे 'चायनीज' आपल्या घराघरांत पोचले ते इथल्या तिखट जिभेसाठी इथेच घडवलेले होते. त्याच्याशी माझे भांडण नाही, रात्री अकरा वाजता मलाही तेच लागते.

शेवटी मुळ्याच्या वड्या आल्या. किसलेला मुळा तांदळाच्या पिठात कालवून, वाफवून, वड्या पाडून तव्यावर परतलेल्या. कोथिंबीर वडीची ही पद्धत ओळखायला सासूबाईंना एक घासही लागला नाही. भात मागवायचा राहूनच गेला. परतताना टॅक्सीत बराच वेळ त्या गप्प होत्या, मग म्हणाल्या, "यंदा कुरडया घालू तेव्हा वाटीभर चीक बाजूला ठेव. कोळंबी मात्र तू सोलायचीस."