आई फ्लेक्सिबल आहे का?

रविवारी रात्री दीड तास खपून मी अख्खा आठवडा आखला. आठवड्याचे तास १६८, त्यातले ५६ झोपेचे, ४५ ऑफिसचे, उरले ६७, म्हणजे कागदावर मी जवळपास रिटायरच झाले होते. ऑफिसला लाल, घराला हिरवा, स्वतःला पिवळा रंग दिला आणि कॅलेंडर असं काही सजलं की बघतच बसावं. बसलेच, त्यामुळे झोपेचे ५६ पहिल्याच रात्री ५५ वर आले.

सोमवारच्या मीटिंगमध्ये आमच्या समन्वयमहर्षींनी (खरं नाव घेत नाही, माणूस अजून माझ्याच टीममध्ये आहे) स्क्रीन शेअर केली, आणि स्क्रीनवर माझं कॅलेंडर! प्रायव्हेट करायचं राहिलं ही माझी चूक, मान्य, पण दिसलं म्हणून मोठ्याने वाचायचं असतं का?

"गुरुवारी सात ते आठ 'आईशी बोलणे' दिसतंय. हे हलवता येईल?"

"नाही."

"नाही म्हणजे... आई फ्लेक्सिबल आहे का?"

बाकीचे आठ जण म्यूटवर हसत होते. म्यूटवर असलं तरी खांदे हलतात, एवढं त्यांना कळू नये?

"अगं मी फक्त समजून घेतोय. आई अर्जंटमध्ये येते की इम्पॉर्टंटमध्ये?"

"घरच्यांमध्ये येते."

"ओके ओके. पण एक तास? अजेंडा काय असतो?"

अजेंडा! आईचा गुडघा, कोणाचं तरी लग्न मोडलं, तू कधी येणार, परत गुडघा. हे काय आठ जणांसमोर सांगणार, "असतं काहीतरी" म्हटलं, तर लगेच "मग अर्ध्या तासात बसेल" म्हणून गडी मोकळा, आणि माझ्या हिरव्या चौकोनाच्या डोक्यावर साडेसातपर्यंतचं त्याचं निमंत्रण येऊन बसलं. तेवढ्यावर थांबला तर महर्षी कसला. "आणि मंगळवारी संध्याकाळी नुसतंच 'पाय' लिहिलंय, ते काय?" चालायला जायचं म्हणून लिहिलं होतं हो. "मग चालता चालता कॉल घेता येईल की," असं तो इतक्या मायेने म्हणाला की मलाच थँक्यू म्हणावं लागलं.

काम तातडीचं की महत्त्वाचं हे बघून चार चौकोनांत वाटायची ही अर्जंट-इम्पॉर्टंटची पद्धत ज्याच्या नावाने खपते त्या आयझेनहॉवरने १९५४ च्या एका भाषणात दुसऱ्याच कोणाचं तरी म्हणणं सांगितलं होतं, की तातडीचं असतं ते महत्त्वाचं नसतं आणि महत्त्वाचं असतं ते कधीच तातडीचं नसतं. आता अमेरिकेच्या अध्यक्षाला कोण विचारणार, साहेब, तुमचं गुरुवारी सातचं हलवता येईल का?

रंगांचंही तसंच. १९२९ मध्ये सोविएत युनियनने सात दिवसांचा आठवडाच मोडून पाच दिवसांचा केला, कामगारांना रंग वाटून दिले, ज्याचा जो रंग त्या दिवशी त्याची सुट्टी. नवरा पिवळा, बायको हिरवी, मग दोघांनी एकत्र घरी बसायचं कधी? १९३१ मध्ये सहा दिवस करून पाहिले आणि १९४० मध्ये गुपचूप सातावर परत आले. त्यांना निदान वरून हुकूम होता, मी रविवारी रात्री स्वतःच्या हाताने रंगवत बसले होते.

आणि खरा राग सांगू का, लाल चौकोन हलवायला कधी कोणी सांगत नाही. "क्लायंट फ्लेक्सिबल आहे का" हे वाक्य मी अकरा वर्षांत एकदाही ऐकलेलं नाही. हिरवं-पिवळं म्हणजे सगळ्यांना मोकळी जागा वाटते. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तुला जमेल तेव्हा कर गं." म्हणजे तीही त्याच्याच बाजूने!

मग काल मी डोकं लावलं. पुढच्या गुरुवारचा हिरवा चौकोन लाल केला आणि त्यावर लिहिलं, 'सीनियर स्टेकहोल्डर रिव्ह्यू'. अर्ध्या तासात महर्षींचा मेसेज: "मलाही ॲड कर ना, नुसता ऐकायला बसतो."

अजून रिप्लाय दिलेला नाही. आईला विचारते.