भावांनी भाकर खाल्ली, तेही सांगायचं

आज खरंच डोकं फिरलंय. आमच्याकडे, म्हणजे आम्हा बेने इस्राएल ज्यूंकडे, मुलांना तोरा (मोशेची पाच पुस्तकं, आमचा धर्मग्रंथ) शिकवायची तयारी चालू होती. या आठवड्याचा पराशा, म्हणजे तोराचा वाचायचा भाग, वायेशेव. त्यात बापाच्या लाडक्या योसेफला त्याचे भाऊ हेव्याने विकतात, ती गोष्ट. तर सूचना आली, "योसेफचा रंगीत झगा घ्या, स्वप्नं घ्या. भावांनी विकलं ते एका ओळीत उरका. येहुदा आणि तामार गाळाच. मुलांवर चांगले संस्कार व्हायला हवेत."

गाळा? योसेफचा भाऊ येहुदा आणि त्याची सून तामार, यांचा अख्खा अध्याय? कोणाच्या परवानगीने?

आमची आजी रेवदंड्याला शुक्रवारचा दिवा लावून झाला की ही गोष्ट सांगायची. भावांनी योसेफला खड्ड्यात टाकलं आणि तिथेच भाकर खायला बसले, हे ती कधी सोडायची नाही. माझा एक काका तिचे दागिने विकून घरातून गेला होता. पुष्कळ दिवसांनी परत आला तेव्हा त्याच्याशी कोणी बोलेना. त्या शुक्रवारी आजीने त्याला समोर बसवून हीच गोष्ट काढली. आम्हा पोरांना वाटलं, आता काकाची धडगत नाही.

पण आजी भाकरीपाशी थांबली नाही, तिने गोष्ट पुढे मिसरात (इजिप्तमध्ये) नेली. विकलेला योसेफ तिथे मोठा अधिकारी झालाय. धाकटा भाऊ बिन्यामीन त्याच्या ताब्यात अडकलाय, आणि एक भाऊ पुढे होऊन म्हणतो, पोराला जाऊ द्या, त्याच्या जागी मला गुलाम ठेवा. कोण तो? योसेफला विकून टाकू म्हणणारा येहुदाच! काका मान खाली घालून ऐकत होता.

आता सांगा, विकणारा येहुदा इथवर पोचला कसा? मधे तामार आहे म्हणून. ती विधवा असून गरोदर राहिली म्हणून तिला जाळायचा हुकूम यानेच दिला होता. पोटातलं मूल त्याचंच, याची खूण म्हणून तिने त्याचीच मुद्रा, दोरी आणि काठी त्याच्यापुढे ठेवली, तेव्हा तो चारचौघांत म्हणाला, माझ्यापेक्षा ती खरी. सुटायची वाट असताना म्हणाला. त्या दोघांचा मुलगा पेरेस, आणि पेरेसच्या वंशात दावीद राजा. हा अध्याय काढलात तर मधला पूलच तुटतो.

मान्य, सहा वर्षांच्या पोराला तामारचं सगळं सांगता येत नाही. मोठ्यांना तरी सांगा. मिश्ना, म्हणजे आपल्या धर्मनियमांची जुनी संहिता, १८०० वर्षांपूर्वीची. योसेफचा थोरला भाऊ रेऊवेन बापाच्या उपपत्नीपाशी गेला, ती गोष्ट हिब्रूत वाचावी पण लोकभाषेत सांगू नये, असं तिच्यात आहे. तामारची मात्र वाचावी आणि सांगावीही. म्हणजे आपल्या हाखामांनी (धर्मपंडितांनी) हा विचार केव्हाच करून ठेवलाय.

आणि पाप झालंच नाही म्हणणाऱ्या दुसऱ्या बाजूचाही मला तितकाच राग येतो. रेऊवेनने पाप केलं म्हणणारा चुकतो, असं तालमूदमध्येच (हाखामांच्या चर्चांच्या ग्रंथात) एक मत आहे. मोठ्या माणसांचं मत, पण मला पटत नाही. पाप धुऊन टाकलं तर माणूस बदलला कशातून? आजीने काकाला "तू काही केलं नाहीस" असं म्हटलं नव्हतं. दागिने गेलेच होते. तिने फक्त गोष्ट शेवटपर्यंत नेली. पुढे काकाने वाडी सांभाळली आणि अंथरुणाला खिळलेल्या आजीचं सगळं त्यानेच केलं.

लिहिता लिहिता राग जरा निवळला. सोन्याच्या वासराचंच बघा ना. लोकांनी ते घडवून पुजलं. ते पाहून मोशे रब्बेनूंनी (आपले गुरू मोशे) देवाच्या आज्ञांच्या पाट्या फोडल्या, आणि ते तुकडे फेकले नाहीत, नव्या पाट्यांबरोबर त्याच कोशात, म्हणजे पवित्र पेटीत, ठेवले, असं आपले हाखाम सांगतात. नव्या पाट्या डोंगरावरून खाली आल्या तो दिवस किप्पूरचा. आपला दारफाळणीचा सण! ज्या दिवशी आपण उपाशी राहून माफी मागतो, तो दिवसच त्या वासराच्या पापानंतरच्या माफीचा आहे. मग मुलांना वासरू न सांगता किप्पूर कसा समजावणार?

उद्या कोणी म्हणेल कोराह पण नको, मोशेंविरुद्ध बंड करणारा होता, जमिनीने गिळला. पण तोराच सांगते की त्याची मुलं मेली नाहीत. तेहिलीममध्ये, म्हणजे स्तोत्रांच्या पुस्तकात, त्या मुलांच्या नावावर स्तोत्रं आहेत आणि आपण ती गातो. बाप गाळायचा असेल तर आधी ती स्तोत्रं म्हणणं बंद करा.