‘मुलाच्या मानेत नळी घालू देऊ नका’ म्हणणाऱ्यांना

काल रात्री वेंगुर्ल्याहून मावशीचा फोन. तिचा तीन वर्षांचा नातू न्यूमोनियाने गोव्याला आयसीयूत. “गो, डॉक्टर मानेत नळी घालूक सही मागतत. मेसेजात तर नको म्हणान लिवलला आसा.” तो मेसेज मलाही तीनदा आलाय: ‘हाताची सलाईन पुरते. मानेतली नळी हृदयात घुसते, जंतू होतात, सगळं बिलासाठी.’ ही नळी श्वासाची नव्हे, मानेतल्या मोठ्या शिरेतून औषध द्यायची. लहान मुलांच्या आयसीयूत मी अकरा वर्षं नर्स आहे. हे वाचून राग आवरत नाही.

‘हाताची सलाईन पुरते’ हे सगळ्यात घातक. अँटिबायोटिकला पुरते, खरंच. पण जंतुसंसर्गाने बीपी कोसळलेल्या मुलाला नॉरअ‍ॅड्रेनलिन खंड न पडता द्यावं लागतं. ते शिरा आवळून बीपी वर आणतं. हातावरच्या बारीक शिरेतून बाहेर झिरपलं तर तिथली कातडी रक्ताविना काळी पडते. शिवाय शॉकमधल्या, म्हणजे असं बीपी कोसळलेल्या पोराच्या शिरा आधीच मिटलेल्या. एक सुई निघाली की दुसरी सापडेपर्यंत औषध बंद आणि बीपी पुन्हा खाली. मानेतल्या मोठ्या शिरेत रक्ताचा ओघ मोठा, औषध लगेच पातळ होतं. घाईत सुरुवात हातातूनच करतात, सेप्सिसच्या, म्हणजे अशा गंभीर जंतुसंसर्गाच्या मुलांसाठीच्या २०२० च्या आंतरराष्ट्रीय सूचनांतही ती मुभा आहे. पण ती नळी बसेपर्यंतची सोय, दिवसचे दिवस चालवायची नव्हे.

‘हृदयात घुसते’? टोक हृदयाच्या जरा वर, मोठ्या शिरेत ठेवतात आणि एक्स-रे काढून जागा बघतात. भूल देतात कारण शिरेला लागूनच धमनी असते, पोराने मान हलवली तर सुई तिच्यात जाईल. सोनोग्राफीवर दोन्ही दिसतात.

जंतूंचं मात्र मान्य करावं लागतं. नळीतून रक्तात जंतू जाऊ शकतात, गुठळीही होते. म्हणून नळीच नको? अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभरावर आयसीयूंनी हात धुणं, पूर्ण निर्जंतुक गाऊन-चादर, क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक, शक्यतो जांघेतल्या शिरेत नळी टाळणं आणि गरज संपताच नळी काढणं एवढंच काटेकोर पाळलं. नळीच्या दर हजार दिवसांमागे संसर्गाचा मध्यक दर २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला. २००६ साली छापलेला अभ्यास आहे हा. विभाग बहुतेक मोठ्या माणसांचे होते, पण हात धुणं पोरांसाठी वेगळं नसतं.

बिलाचं म्हणाल तर खर्च होतो, तो विचारायचा हक्क आहेच. सही अडवून तो कमी होत नाही.

मावशीला म्हटलं, सही करूक सांग, आणि रोज सकाळी डॉक्टरांना विचार, नळी आज लागते का? लेकाला फोन लावायचा म्हणून तिने माझा ठेवला.