पोहे, जलेबी आणि दहा सेकंद

झालं असं की रविवारी सकाळी पोह्यांवर जीरावन भुरभुरता भुरभुरता मला हुक्की आली, लिनक्सवाल्या कॉम्प्युटरमधल्या सेकंडहँड ग्राफिक्स कार्डाला कंपनीचा ओरिजिनल ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, घालायचा. कार्ड आमच्या इंदूरच्या जेल रोडवरून आणलेलं, दुकानदार म्हणालेला, "भिया, मक्खन चलेगा," आणि चालतही होतं की, नूवो नावाच्या फुकटच्या ड्रायव्हरवर. नूवो म्हणजे फ्रेंचमधे नवीन. कंपनी कागद देईना म्हणून लोकांनी कार्डाचं वागणं बघून बघून तो लिहिलाय, शेजारच्या काकूंची आमटी चाखून मसाला ओळखतात ना, तसा. पण मला मसाला काकूंकडचाच पाहिजे होता. हौस, दुसरं काय.

इन्स्टॉल होताना मधेच सिक्युअर बूटचं काहीतरी आलं, पासवर्ड द्या, निदान आठ अक्षरी. समोर ताट होतं, पोहेजलेबी टाकला आणि मोकळा झालो. रीस्टार्ट केलं तर निळा पडदा, दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबा म्हणे. आता मी विंडोजवर वाढलेला माणूस, निळा पडदा दिसला की हात मागे घेऊन देवाचं नाव घ्यायचं एवढंच शिकलेलो, त्यात आतून आई ओरडली, "जलेबी गार होतेय रे!" गेले दहा सेकंद.

मग जे उघडलं ते 1024 बाय 768. आयकॉन पापडाएवढे, वॉलपेपरवरचा गणपती आडवा पसरलेला. बाबा म्हणाले, "बरं झालं, आता चष्मा नको." माऊस हलवला की खिडकी पाच मिनिटांनी निघायची, अनंत चतुर्दशीच्या झांकीसारखी. चौकशी केली तर चित्र काढणाऱ्याच्या जागी नाव होतं एलएलव्हीएमपाइप, म्हणजे कार्ड नुसतं खुर्चीत बसलेलं आणि सगळी चित्रं बिचारा सीपीयू हाताने काढतोय. सरकारी हापिसात ही व्यवस्था मी पाहिलेली आहे.

इथे शहाण्या माणसाने थांबून विचार केला असता. मी ठरवलं की ड्रायव्हरचं व्हर्जनच खराब आहे, आणि काढ-घाल सुरू केली, चार वेळा. चौथ्यांदा पूर्ण काळं, डाव्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय. तेवढ्यात गल्लीतल्या गणपतीची पत्रिका प्रिंट करायला काकू आल्या, स्क्रीन बघून म्हणाल्या, "लाइट गेलीय का?" मी हो म्हटलं. डोक्यावर पंखा फिरत होता.

कंट्रोल, अल्ट, एफ 3 दाबून काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं मिळाली, तिथे रात्रीपर्यंत ठाण मांडलं. मित्राचा फोन आला, सराफ्यात चल, भुट्ट्याचा कीस खाऊ, त्यालाही नाही म्हणालो, यावरून समजा. 2012 साली लिनक्सचा जनक लिनस तोरवाल्ड्सने फिनलंडमधे भर कार्यक्रमात याच कार्डवाल्या कंपनीला, एनव्हिडियाला, मधलं बोट दाखवलं होतं, तेव्हा मला ते फार असभ्य वाटलेलं. त्या रात्री माझंही बोट वर निघालं होतं, पण तेवढ्यात ड्रायव्हरला हाताने आत ढकलायला गेलो आणि उत्तर आलं, चावी नामंजूर.

हात्तिच्या! ड्रायव्हर पहिल्यापासून ठीकच होता. सिक्युअर बूट म्हणजे सोसायटीचा वॉचमन, ओळख नसलेल्याला कर्नलमधे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, सोडत नाही, आणि ड्रायव्हरच्या चावीची ती ओळख करून द्यायलाच निळा पडदा आला होता, दहा सेकंद दारात उभा राहून निघून गेला, मी जलेबी खात होतो. बोट मुकाट खाली घेतलं.

मागच्या काढ-घालीत राहिलेली एक फालतू फाईल उडवली, चावीची अर्जी पुन्हा दिली, पासवर्ड तोच. सगळ्यांना सांगितलं, कोणी हाक मारायची नाही. निळा पडदा आला, स्पेसबार असा हाणला की कीबोर्ड सरकला. एनरोल, कंटिन्यू, येस, पासवर्ड. टाइप करताना काही दिसत नाही, साधे ठिपकेसुद्धा नाही, अंदाजपंचे पोहेजलेबी लिहिलं. रीबूट.

आलं! गणपती सडपातळ, आयकॉन जागच्या जागी, खिडक्या सरसर. साडेअकरा वाजलेले, तरी आईला झोपेतून उठवून आणलं. तिने चष्मा लावला, वाकून बघितलं.

"सकाळीपण असंच दिसत होतं की रे."